थेंबभर गळत नाही

१

रविवारी सकाळी न्हाणीघरात पाऊल टाकलं आणि माझी चप्पल राखेच्या चिखलात रुतली. बंब विझला होता. त्याच्या बुडातून काळं पाणी टपटपत होतं, खालच्या जाळीवरचे कोळसे भिजून गप्प झाले होते आणि सगळी राख ओघळत मोरीकडे निघाली होती.

दारात माझा नवरा निमिष खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. त्या बंबातलं पहिलं कढत पाणी आपण अंगावर घ्यायचं, असं त्यानं चार दिवस आधीपासून ठरवलं होतं. त्याच्या तोंडाकडे बघून मला हसू येत होतं, पण लग्नाला बारा वर्षं झाली की कुठं हसायचं नाही हे बाईला कळतं.

वाईत गणपती घाटाच्या वाटेवर निमिषचं चष्म्याचं दुकान आहे. गावाला नंबर काढून देतो, पण स्वतःला समोरचं दिसत नाही, हे माझं जुनं मत. त्याला जुन्या वस्तूंचा नाद आहे आणि त्या तो मोबाइलवरून मागवतो. 'भक्कम' म्हणून आलेल्या खुर्चीवर आम्ही पाहुण्यांना बसू देत नाही. 'किरकोळ डागडुजी' लागणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळात पालीची अंडी निघाली. 'चालू स्थितीतला' ग्रामोफोन हातानं फिरवला तर चालतो. दर वेळी तो कानाला खडा लावतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

या वेळी मात्र जाहिरात वाचून मीही भुलले होते. 'तांब्याचा बंब. जुना, वापरातला. खांद्याला एक पोचा आहे. थेंबभर गळत नाही. सुभेदार लालासाहेब (निवृत्त), कुंडल.' बस, एवढंच. आपल्या मालाचा पोचा आपणहून सांगणारा माणूस निमिषला आजवर भेटला नव्हता. तो त्या सुभेदारांच्या प्रेमातच पडला म्हणा ना. म्हणून राग दुप्पट आला. मी म्हटलं, आधी चहा घे, मग काय लिहायचं ते लिही. त्यानं आधी लिहिलं. 'वर्णन खोटं. बंब गळका. सुभेदार म्हणवणारा हा माणूस खोटारडा आहे.' ते सगळ्या जगाला दिसेल असं टाकलं आणि गॅसवर पाणी तापवून आंघोळ केली.

दोन दिवसांनी मला फोन आला. कुंडलहून सुभेदारांची नात क्रांती बोलत होती. कॉलेजात शिकते, जाहिरातीतले फोटो तिनं काढलेले, शब्द आजोबांचे. निमिषनं लिहिलेलं कुणीतरी गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं. तेव्हापासून आजोबा पारावर गेले नव्हते. आणि दर सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत झेंडा त्यांच्या हातून फडकतो, तर हेडमास्तरांना त्यांनी निरोप धाडला होता की यंदा दुसरा माणूस बघा.

"काकू, ते लिहिलेलं पुसा म्हणून सांगायला मी फोन केला नाही," ती म्हणाली. "मी तेच म्हणणार होते, पण आजोबा नको म्हणतात. म्हणतात, पुसून काय हुतंय? खरं काय ते शोधा. बंब खरंच गळत असंल, तर झेंड्याच्या दोरीला हात लावायचा मला अधिकार न्हाई."

मी हे निमिषला सांगितलं. गळतोय तर गळतोयच, असं म्हणून तो ताटाकडे वळला. पण दुसरी पोळी त्यानं घेतली नाही. सव्वीस तारीख सोमवारी होती. मी उठले आणि साताऱ्याला चारूआत्याला फोन लावला.

२

चारुलता ही निमिषची आत्या. विमा कंपनीत दावे तपासण्यात तिची हयात गेली. जळलेली दुकानं, मेलेल्या म्हशी, चोरीला गेलेल्या मोटारसायकली, कुठला दावा खरा आणि कुठला बनवलेला हे ती शोधून काढायची. निवृत्त झाल्यापासून साताऱ्यात तिला भाजीवाल्याशिवाय तपासायला कुणी उरलेलं नव्हतं. बुधवारी दुपारी ती एसटीतून उतरली तेव्हा तिचा चेहरा मांडवात आलेल्या करवलीसारखा फुलला होता.

आधी जेवण, मग गुन्हा, असा तिचा नियम. सासूबाईंनी पान वाढलं. आत्यानं आमटीचा भुरका मारला आणि थांबली.

"वहिनी, आज आमसूल?"

"बदल म्हणून," सासूबाई म्हणाल्या आणि भात आणायला आत गेल्या. आत्यानं आणखी दोन वाट्या आमटी घेतली. या घरात आमटीला चिंच पडते हे तिला लहानपणापासून माहीत, पण चवीबद्दल तिची तक्रार दिसली नाही.

मग ती कंबर कसून न्हाणीघरात गेली. बंब भरायला लावला. पाणी मधल्या नळीच्या बुडाशी, जिथं डाक देऊन सांधलेलं असतं तिथून झिरपत होतं. टाचणीच्या टोकाएवढं भोक. आत्यानं चष्मा कपाळावर चढवून त्याला बोट लावलं, वास घेतला, पोचा चाचपला. जाहिरातीतला फोटो काढून पोचा ताडून पाहिला. तोच होता.

मोरीच्या जाळीत पांढरी कच अडकली होती, ती तिनं चिमटीत धरून पाहिली आणि रुमालात बांधली. परसात जाऊन आली. अळू का असं करपलंय, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, थंडी. ती हं म्हणाली. तिचं हं मला आवडलं नाही.

"आतून कसा होता?" तिनं निमिषला विचारलं.

निमिषनं ऐटीत तिसरा फोटो दाखवला. वरचं झाकण काढून क्रांतीनं आतला फोटो घेतला होता. आत सगळं पांढरं. आतून कल्हई केलेली आहे, असं निमिषनं समजावून सांगितलं. अशी कल्हई आजकाल कोण करतं, म्हणून तर त्यानं तो बंब घेतला.

आत्यानं झाकण काढलं, मोबाइलची बॅटरी लावली आणि डोळा लावून बघितलं. मग सरकून मला जागा दिली. मी वाकले. आत कुठंही पांढरं नव्हतं. लालभडक, कोरं करकरीत तांबं चमकत होतं.

"आत्या," मी म्हटलं, "हा तो बंबच नव्हे."

३

निमिषला एकदम हुरूप आला. म्हणजे बदलला. कुणी बदलला? बंब घेऊन आला टेंपोवाला यशराज. कुंडलची द्राक्षं वाई-पाचगणीच्या बाजारात आणतो आणि वाटेत लोकांचं सामानही पोचवतो. चांगला बंब विकून गळका आणून टाकला असणार, असं निमिषनं उभ्याउभ्या ठरवूनही टाकलं. मोबाइल काढून तो पुढचं लिहायच्या बेतात होता, पण आत्यानं तो काढून स्वतःच्या पिशवीत टाकला.

मग तिनं ओल्या फडक्यानं बंबाच्या गळ्यावरची राख पुसली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. लग्नातल्या ताटापासून पाण्याच्या पिंपापर्यंत, कुणाचं कुणाकडे जाऊ नये म्हणून. काळ्या पडलेल्या तांब्यावर टिंबाटिंबांची अक्षरं उमटली. 'सौ. मनुबाई लालासाहेब, कुंडल.' मनुबाई म्हणजे सुभेदारांची बायको. फोटोतही तेच, तिथंच.

"बाहेरून तोच, आतून वेगळा," आत्या म्हणाली आणि चूळ भरल्यासारखं ते वाक्य तोंडात घोळवत बसली. मला तर घाबरायलाच झालं. पोचा तोच, नाव तेच, काळा रंगही तोच, आणि आत नवंकोरं. असं भूतखेतसुद्धा करत नाही.

गुरुवारी यशराज द्राक्षं टाकून आमच्याकडे आला. आत्यानं बोलावलंय म्हटल्यावर तो इतका बावरला होता की चहा बशीत ओतून प्यायचाच विसरला. आत्यानं त्याला वीस प्रश्न विचारले. त्यानं सांगितलं ते असं. मनुबाईंनी बंब वाकळेत गुंडाळून दिला होता. वाटेत तो कराडला चहाला थांबला, पण टेंपोवरची नजर हलवली नाही. खड्ड्यात एकदा आदळला हे मात्र खरं, आणि ते सांगताना त्यानं दोन्ही कान धरले.

आदळला तेव्हा बंबावर काय होतं, खाली काय होतं, हे आत्यानं खोदून विचारलं. खाली गवत, भोवती वाकळ, वर काही नाही. मग पोचा पडेल, भोक पडत नाही, असं म्हणून तिनं त्याला सोडून दिलं. निमिष नाराज झाला. मी मात्र मनात म्हटलं, एक सुटला.

यशराज उठता उठता म्हणाला, "मी तर जपूनच ठेवला, आत्या. काकू म्हनाल्या परसात ठेव, परसात ठेवला."

"न्हाणीघरात नाही?"

"न्हाई. परसात. अळवाच्या वाफ्याजवळ."

बंब आला त्या दिवशी निमिष दुकानात होता, मी पतपेढीत कामावर होते. घरात एकट्या सासूबाई. संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा बंब न्हाणीघरात होता आणि शेजारच्या मुलांकडून तो आत आणून घेतला असं त्या म्हणाल्या होत्या. एवढंसं सांगण्यासारखं त्यात काय आहे, मला काही कळलं नाही. आत्यानं मात्र यशराजला आणखी एक चहा द्यायला सांगितला आणि विचारलं, उद्या परत जाताना टेंपोत पुढं दोन बायकांना जागा होईल का.

४

कुंडलच्या वेशीपासून उसाचे फड सुरू होतात ते सुभेदारांच्या अंगणापर्यंत. घर नवं, स्लॅबचं, वर सोलर. मुलगा सैन्यात असतो, त्यानं गेल्या सुट्टीत बसवला. मनुबाईंचे गुडघे सरपण आणायला साथ देईनात, म्हणून बंब निघाला होता.

सुभेदार ओसरीवर ताठ बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरा फेटा, आणि तोंडावर अशी कळा की मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आम्हाला बघून ते उठून उभे राहिले आणि आत्याच्या प्रश्नांना त्यांनी उभ्यानंच उत्तरं दिली. बंब त्यांच्या आईच्या वेळचा. त्यांना कळायला लागल्यापासून गळलेला माहीत नाही. सोलर लागायच्या आदल्या दिवशी शेवटचा पेटवला, तेव्हाही कोरडा ठणठणीत.

"मी सोता बघितलं," ते म्हणाले.

"आवं, पेटवत हुते मी, आनि बघितलं ह्यांनी," आतून मनुबाई म्हणाल्या. "पर खरं हाय. थेंब न्हवता."

आत्यानं हातपाय धुवायला पाणी मागितलं. न्हाणीत नवाकोरा साबण होता. ती चोळते आहे, चोळते आहे, फेस काही येईना. मी म्हटलं, साबण बदलून देऊ का? तिनं डोळे मोठे केले. मग आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मनुबाईंनी चहा टाकला. ज्या पातेल्यात रोज पाणी तापायचं ते फळीवर पालथं होतं, आत्यानं ते सरळ केलं. आत बोटभर जाड पांढरा थर.

"बोअरचं पाणी?"

"व्हय," मनुबाई म्हणाल्या. "ऊस बी त्येच्यावर, आमी बी त्येच्यावर. प्यायचं तेवढं नळाचं."

मग आत्यानं जे केलं त्यानं मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. पर्समधून किल्ली काढून तिनं त्या माउलीच्या पातेल्याचा थर खरवडला आणि रुमालात बांधला. मनुबाई बघतच राहिल्या. मी काहीतरी सारवासारव करणार तोच आत्यानं विचारलं, बंब आतून कधी घासायचात का?

"आतनं? न्हाई बाई. सासूनं नांदायला आल्या दिशी सांगितलं, भायेरनं कितीबी घास, आत हात घालू नगंस. तवापास्नं न्हाई घातला."

"का घालायचा नाही?"

"सासूला का म्हनून इचारायचं आसतंय व्हय?" मनुबाई म्हणाल्या आणि आमच्याकडे बघून पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हसण्यानं घरातलं दडपण जरा हललं. क्रांतीही हसली. सुभेदार मात्र ओसरीवर तसेच होते.

निघताना आत्या त्यांच्यापुढं उभी राहिली. तिनं त्यांना सांगितलं की रविवारी सकाळी यशराजच्या टेंपोतून वाईला या, नातीलाही आणा, म्हणजे बंब का गळतो ते सगळ्यांसमोर दाखवते.

"कुनी केलं त्ये कळलं का, ताई?"

"कळलं."

"आमच्यातलं कोन?"

"तुमच्यातलं नाही," आत्या म्हणाली. "गुन्हेगार वाईत आमच्या घरात आहे."

परतीच्या वाटेवर मी तिला कराडपर्यंत विचारत होते. कराडनंतर ती झोपली.

५

रविवारी आमच्या परसात खुर्च्या मांडल्या. भक्कम खुर्ची सोडून. सुभेदार, क्रांती, यशराज, निमिष, मी, आणि तुळशीच्या कट्ट्यावर सासूबाई. मधोमध बंब. आत्या त्याच्याभोवती फेऱ्या मारत होती आणि मला राहून राहून वाटत होतं की आता ती माझंच नाव घेणार. पतपेढीतून मी एकदा लवकर घरी आले होते, ते मला उगाचच आठवायला लागलं.

"दावा असा," तिनं सुरुवात केली. "विकणारा म्हणतो, गळत नाही. घेणारा म्हणतो, गळतो. दोघं शपथेवर सांगतात. तीस वर्षं मी असे दावे पाहिले. लोक म्हणतात, दोघांतला एक खोटं बोलतो. मी आधी विचारते, मधल्या वेळात वस्तूला काय झालं?"

मग ती निमिषकडे वळली. फोटोत आत पांढरं होतं ते कल्हई नव्हे, हे तिनं त्याला सांगितलं, आणि जाता जाता चष्मा पुसायलाही सांगितला. ते कुंडलच्या पाण्याचं कीट. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, ते पाणी तापवलं की भांड्याला आतून असा थर धरतो. मनुबाईंच्या पातेल्यात तो धरलाय, बंबात तर दोन पिढ्यांचा धरला होता. दगडासारखा घट्ट.

"आणि नळीच्या बुडाशी डाक कधीचा सुटलेला. भोक जुनंच. पण त्या थरानं ते बुजवून टाकलं होतं. म्हणून थेंब येत नव्हता. सुभेदारांच्या आईला हे ठाऊक असणार. म्हणून तिनं सुनेला सांगितलं, आत हात घालू नकोस."

क्रांतीनं तोंडावर हात ठेवला. सुभेदार पुढं सरकून बसले.

"मग वाईत आल्यावर तो थर गेला कुठं?" आत्या म्हणाली. "मोरीत त्याची कच सापडली. म्हणजे कुणीतरी तो काढला. खरवडून निघणार नाही, हात आत जात नाही. विरघळवावाच लागतो. सई, स्वयंपाकघरातून चिंच आण."

मी गेले. आमच्याकडे शिमग्याच्या सुमारास वर्षाची चिंच मीठ लावून बरणीत भरतात, ती पुढच्या शिमग्यापर्यंत पुरते. बरणी ओट्याखाली असते. ती धुऊन, पालथी घालून ठेवलेली होती. मी मोकळ्या हातानं परत आले आणि का कोण जाणे, सासूबाईंकडे बघवेना मला.

"नाहीये ना?" आत्या म्हणाली. "म्हणून बुधवारी आमटीत आमसूल. बरं, लिंबू आण."

तिनं रुमाल सोडला. कुंडलच्या पातेल्यातली कच एका वाटीत, आमच्या मोरीतली दुसऱ्या वाटीत. दोन्हींवर लिंबू पिळलं. दोन्ही वाट्या सारख्याच फसफसल्या. यशराजनं मान खाली घालून वाटीला कान लावला.

"कढत चिंचेचं पाणी काठोकाठ भरून दिवसभर परसात ठेवलं, ही दोघं घरी यायच्या आत तिथंच ओतून दिलं आणि बंब मोरीत खंगाळला. सगळीकडे पाणीच पाणी, त्यात टिपकतंय हे कळणार कसं? ते कढत आंबट पाणी प्यायलं बिचाऱ्या अळवानं. वहिनी, मी सांगू की तुम्ही सांगता?"

सासूबाईंचं नाक लाल झालं होतं. मला वाटलं त्या रडणार. पण त्या निमिषवर उसळल्या.

"या घरात येणारं एकेक भांडं आधी चिंचेनं न्हातं. माझ्या सासूच्या वेळेपासून. दुकानातून आणलेला कोरा तांब्यासुद्धा. तू म्हणालास, काळा रंग राहू दे, त्याचीच शोभा आहे, बाहेरून हात लावायचा नाही. नाही लावला. आतून नको म्हणाला होतास का?"

निमिष चष्मा पुसायला लागला. तो तसं म्हणाला नव्हता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"आत पांढरं पांढरं दिसलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हटलं, त्या पाण्यानं माझा मुलगा आंघोळ करणार. गळायला लागल्यावर तू इतका चिडलास की मला बोलायचा धीर होईना. आणि मला तरी कुठं माहीत होतं की चिंचेनं भोक पडतं."

"पडत नाही. उघडं पडतं," आत्या म्हणाली आणि त्यांच्याशेजारी कट्ट्यावर बसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. बारा वर्षांत या नणंद-भावजयींना मी पहिल्यांदाच हात धरलेलं बघितलं.

आता सगळं मिटलं असं वाटतं ना? मिटलं नाही. सुभेदार उभे राहिले.

"म्हंजे भोक हुतंच," ते म्हणाले. "मी लिवलं गळत न्हाई. माजंच चुकलं. ह्यांनी लिवलं त्ये बराबर हाय."

"अजिबात नाही," निमिष ताडकन उठला. "तुम्ही भोक नाही असं कुठं लिहिलंत? गळत नाही लिहिलंत. गळत नव्हता."

"पर भोक—"

"भोक तुम्हाला दिसत होतं का?"

"न्हवतं दिसत. म्हनून काय झालं? इकनाऱ्यानं बघाय पायजे."

दोघं एकमेकांची बाजू घेऊन असे भांडले की शेजारच्या काकू गच्चीवर आल्या. निमिष सुभेदारांना खरं ठरवतोय, सुभेदार स्वतःला खोटं ठरवतायत, आणि यशराज दोघांच्या मध्ये बंबाला मिठी मारून उभा, कुणाचा धक्का लागून दुसरा पोचा पडू नये म्हणून. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. क्रांतीला तर बसावं लागलं.

आत्यानं टाळी वाजवली. निकाल असा दिला की जाहिरात खरी होती, फक्त एक ओळ कमी पडली, 'आतून घासू नये', आणि ती ओळ दोन सासवांनी मिळून पोटात ठेवली होती. सबब दोष कुणाचाच नाही, दावा निकाली.

सुभेदार निमिषसमोर उभे राहिले. "पाव्हनं, मला पटलं. पर तुमी शबूद चारचौघांत टाकलाय."

"चारचौघांतच उचलतो," निमिष म्हणाला. "उद्या झेंड्याला कोण आहे?"

६

त्याच दुपारी वाईतल्या तांबटानं नळीच्या बुडाला डाक दिला. सोमवारी पहाटे आम्ही सगळे कुंडलच्या वाटेला लागलो, सासूबाईसुद्धा. त्यांनी मनुबाईंसाठी ओटीचं सामान घेतलं होतं आणि वाटभर त्या म्हणत होत्या, त्या बाईला मी काय तोंड दाखवू. मनुबाईंनी त्यांना दारातच धरलं आणि म्हणाल्या, बरं झालं बाई तुमी घासलासा, सासू का म्हनायची त्ये मरायच्या आदी कळलं तरी. मग त्या दोघी चुलीपाशी बसल्या त्या शाळेची घंटा होईपर्यंत उठल्या नाहीत.

शाळेच्या पटांगणात सगळा गाव होता. सुभेदार छातीवर बिल्ले लावून खांबापाशी उभे होते, पण दोरीला त्यांनी हात लावला नव्हता. हेडमास्तरांनी निमिषला पुढं बोलावलं. चष्मा पुसत तो उभा राहिला. त्याला चार माणसांपुढं बोलता येत नाही, आमच्या लग्नात नाव घेतानाही त्याची बोबडी वळली होती.

आपण कोण, काय लिहिलं आणि ते कसं चुकलं, हे त्यानं अडखळत सांगितलं. माफी मागितली. मग खिशातून कागद काढला.

"मी जुन्या वस्तू घेतो," तो म्हणाला. "वर्णन वाचून घेतो आणि दर वेळी फसतो. एकदाच वर्णन खरं निघालं आणि नेमकं त्याच वेळी मी माणसाला खोटारडा म्हणालो. तर आज मी सुभेदारसाहेबांचं वर्णन लिहून आणलंय. त्यांचेच शब्द आहेत. जुने. वापरातले. थेंबभर गळत नाही."

पटांगणात अशा टाळ्या पडल्या की खांबावरची कबुतरं उडाली. यशराजनं शिट्टी मारली. सुभेदारांनी कडक सलाम ठोकला, दोरी धरली, ओढली. झेंडा उघडला आणि त्यातली झेंडूची फुलं त्यांच्या फेट्यावर पडली.

राष्ट्रगीत संपलं तरी ते वर बघत तसेच उभे होते. मग त्यांनी हळूच फेट्याचा शेमला ओढून डोळ्यांना लावला. एकदा लावला, पुन्हा लावला, आणि मग लपवायचं सोडूनच दिलं.

चारूआत्या माझ्या कानाशी वाकली.

"घे," ती म्हणाली. "वर्णन परत चुकलं."